बिजलीला दोन बोटं

जगदेव मास्तर सकाळी सकाळी ओट्यावर बसून, उजव्या हातावर पंचा टाकून, डाव्या हातानं स्वतःचीच बोटं दाबत होते. तीन दाबली, खुशीत मान हलवली. एक दाबलं, तोंड वाकडं केलं. कस्तुराबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

"अवो, हाताले काही चावलं का?"

"चावलं नाई. तालीम करून राह्यलो."

"कायची?"

"निकालाची. परीक्षक हाव म्हनलं मी! तीन दिसानं पाटलाच्या ओसरीवर बोटानं मार्क द्या लागतात."

"बोटानं? अन् पेन्सील काय झाली?"

पेन्सिलीला काही झालेलं नव्हतं, झालं होतं ते मारोतराव पाटलांना. आसेगावात तंबूचा सिनेमा आला होता, आणि मोठ्या शहरात शहाणीसुरती माणसं बसून सिनेमाला बक्षीस देतात, असं कुणीतरी पाटलांना पेपरातून वाचून दाखवलं होतं. पाटलांना स्वतःला वाचता येत नसे. मग काय, आसेगाव काय कमी आहे? पाटलांनी भर बाजारात तंबूवाल्या शालिग्रामशेठला सांगून टाकलं, "शेठ, तुमचे तीन चित्रं हायेत. तिन्ही पाहू. जे पैलं येईन त्याले माह्याकून चांदीचं पदक! अन् वरून आयका, ते चित्र जे शिकवन, ते मी गावात करून दाखवीन. माही कापसाची खोली रिकामी पडली हाय, ते त्याच कामाले देल्ली!"

पदक तयारच होतं. गेल्या साली शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, घडवलेलं. पण पटाच्या दिवशी अवकाळी पाऊस पडला, पट झाला नाही, पदक पेटीत राहिलं. त्यावर धावत्या बैलजोडीचं चित्र होतं. शालिग्रामशेठनं ते उलटसुलट करून पाहिलं, आणि चांदी खरी आहे ना एवढंच विचारलं.

पण मास्तरांचा जीव पदकात नव्हता, खोलीत होता. गावातल्या सात पोरी रोज शाळेच्या खिडकीबाहेर उभ्या राहून आत चाललेलं ऐकत. पोरींचा वेगळा वर्ग काढायला वरून मंजुरी आली होती, मास्तरीण म्हणून सातवी पास कस्तुराबाईंचं नावही लागलं होतं, फक्त जागा नव्हती. एक तारखेला अकोल्याहून शाळा तपासायला डिप्टीसाहेब यायचे होते. तोवर खोली मिळाली तर ठीक, नाहीतर मंजुरी दुसऱ्या गावाला जाणार. मास्तरांनी पाटलांच्या घरी इतक्या खेपा घातल्या होत्या की पाटलांचं कुत्रंही आता भुंकायचं सोडून नुसतं शेपूट हलवी. पाटील दर खेपेला म्हणत, "पाहू." आणि आता तेच पाटील भर बाजारात खोली देऊन बसले होते! तीन चित्रांत एक होतं 'सुविद्य सुनंदा'. त्याच्या जाहिरातीवर एक बाई हातात पुस्तक घेऊन उभी होती. मास्तरांना आणखी काय पाहिजे?

"सुनंदा पैली आली का खोली आपली," मास्तर चहा फुंकत म्हणाले.

"अन् नाई आली तं?"

"'नवसाची घंटा' आलं तं खोलीत इंद्रभान बुवाचं भजन. तो बी परीक्षक हाय. तिसरं हाय 'बेधडक बिजली'. थे मारामारीचं. त्याले कुत्रं इचारत नाई."

तिसरे परीक्षक होते दौलतसिंग नाईक. बंजारा तांड्याचे म्होरके, आणि बैलाची पारख अशी की पोहरादेवीच्या यात्रेत माणसं त्यांना आपले बैल दाखवायला दोन दोन कोस चालत येत. पाटलांच्या मते बक्षिसाच्या कामाला असाच माणूस पाहिजे. मार्क द्यायची रीतही त्यांनी बैलबाजारातलीच ठरवली. उघड मार्क दिले तर गावात वर्षभर भांडणं चालतील. तेव्हा पाटील उपरण्याखाली हात धरणार, आणि परीक्षक बोटं देणार. पहिल्या चित्राला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. कुणी किती दिली ते उपरण्याखालीच राहणार. बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो आणि तो फोडायची पद्धत नाही.

मास्तरांनी त्याच दिवशी दौलतसिंगांना गाठलं. "नाईक, तुमची हेमला रोज खिडकीपाशी उभी राह्यते. पोट्टी हुशार हाय. सुनंदाले तीन बोटं द्या, तिले आत बसवतो."

दौलतसिंगांची हेमला म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनी मिशीवर हात ठेवला. "मास्तर, तीन बोटं तुमची. शबद म्हंजे शबद."

मास्तर घरी आले ते तरंगतच. त्यांची तीन, नाईकांची तीन. सहा झाले. इंद्रभान बुवानं अगदी दात ओठ खाल्ले तरी एक तरी बोट द्यावंच लागणार. सात! घंटेला आपण एकच बोट दिलं, की दुसरीकडून कितीही वाजवलं तरी तिचे सात होत नव्हते. मास्तरांनी पंचा झटकला आणि तालीम संपवली.

पहिल्या दिवशी 'नवसाची घंटा' लागलं. पडद्यावर देवी प्रकटली तशी अर्धा तंबू उभा राहिला. इंद्रभान बुवानं टाळ घरूनच आणले होते. त्यांनी आरती सुरू केली, ती संपेपर्यंत चित्र थांबवायला लावलं, आणि पडद्याच्या खांबावर तीन नारळ फोडले. शेवटी शालिग्रामशेठ हात जोडून म्हणाला, "बुवा, चौथा फोडू नोका, खांब हालून राह्यला."

दुसऱ्या दिवशी सुनंदा. मास्तर पुढच्या रांगेत कोट घालून बसले. सुरुवात फार चांगली झाली. सुनंदा शिकली. इंग्रजी बोलली. सासरी गेली. सासूनं छळ केला. सुनंदानं सासूला उत्तर म्हणून एक लांबलचक भाषण केलं. मास्तरांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मग नवऱ्यानं टाकलं, बापानं दार लावलं, आणि शेवटी, पुस्तक छातीशी धरून, सुनंदानं विहिरीत उडी घेतली. वर अक्षरं आली, 'समाजा, जागा हो!' आणि दिवा लागला.

बायांच्या बाजूनं एक म्हातारी स्वच्छ आवाजात म्हणाली, "पाह्यलं? शिकली अन् इहिरीत गेली."

मास्तर उभे राहिले. "अहो, तसं नव्हे! समाजाचा दोष दाखवला आहे! समाजाचा!" पण लोक चपला शोधत होते. सात पोरींपैकी तिघींच्या बापांनी तंबूच्या दारातच सांगितलं, मास्तर, आमच्या पोट्ट्या उद्यापासून खिडकीपाशी दिसणार नाहीत. आणि दौलतसिंग तर लालेलाल होऊन आले.

"मास्तर, माहा शबद वापस."

"नाईक, शेवट सोडा हो, मधलं पाहा ना!"

"मधलंच पाह्यलं. सुनंदा सासरी गेली त्या गाडीचा डावा बैल पाह्यला का? खांदा सुजेल होता बिचाऱ्याचा! अन् तो गाडीवान वरून मारून राह्यला! ज्यानं चित्र काढलं त्याले बैलाची दया नाई, तो माह्या पोरीले काय शिकवन? अन् वरून इहीर!"

मास्तर घरी आले आणि जेवले नाहीत. चूक आपली नाही, गावाची समज कमी, असं त्यांनी कस्तुराबाईंना तीनदा सांगितलं. कस्तुराबाई म्हणाल्या, "चित्र पाह्याच्या आंधी त्याची शिफारस कराले तुमाले कोनं सांगतलं होतं?" यावर मास्तरांनी तोंड फिरवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी 'बेधडक बिजली'. परीक्षक म्हणून जाणं भाग होतं, म्हणून मास्तर गेले. एक बाई घोड्यावर बसून आली, तिनं चार दरोडेखोर पाण्याच्या टाकीत फेकले, आणि मास्तर उठले. शिकलेल्या माणसानं हे पाहायचं? अंधारात कुणाला कळतंय! ते तंबूमागे गेले, शेंगा घेतल्या आणि दगडावर बसून खात राहिले. आतून शिट्ट्या येत होत्या. मध्येच पुरुषांच्या बाजूला मोठा गलका झाला. "काठेवाडीच हाय!" "नाई जी, काठेवाडीचे कान असे नसतात!" दौलतसिंगांचा आवाज सगळ्यांवर चढला होता, "अबे, मांगचा डावा पाय पाहा, जातवान हाय तो!" घोड्यावरून चाललेला तो वाद चांगला पाव तास टिकला. मास्तरांनी शेंगेचं टरफल फेकलं आणि 'धन्य आहे' म्हणाले. खेळ सुटल्यावर ते गर्दीत मिसळून, आतूनच बाहेर आल्यासारखे घरी निघाले.

रस्त्यात कस्तुराबाई उत्साहानं म्हणाल्या, "काय बाई होती वो थे! अन् तिनं तो कागद..."

"त्या फालतू चित्राचं नाव माह्यासमोर काढू नोको," मास्तर गरजले. कस्तुराबाई गप्प बसल्या. त्यांचंही डोकं होतं आणि ते फिरलं की त्या दोन दिवस बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटलांच्या ओसरीवर निकाल होता. ओसरी माणसांनी भरली होती. मास्तरांचा हिशेब आता अवघड झाला होता. नाईक सुटले. म्हणजे घंटा पहिली येण्याचं भय. घंटेला पाडायचं तर तिला एकच बोट द्यायला हवं, आणि मधली दोन कुणाला तरी द्यावी लागणार. कुणाला? बिजलीला! त्या टाकीतल्या मारामारीला दुसरं कोण बोट देणार आहे? तिला दिलेली दोन बोटं म्हणजे उकिरड्यावर टाकलेली. मास्तरांना आपल्या धूर्तपणाचं स्वतःलाच कौतुक वाटलं.

आधी दौलतसिंग गेले. पाटील आणि नाईक दोघेही बाजारात मुरलेले. उपरणं तीनदा हललं, दोघंही समोरच्या कडुनिंबाकडे पाहत होते, आणि काम झालं. मग इंद्रभान बुवा गेले. मग मास्तर.

सुनंदाचं नाव निघालं. मास्तरांनी तीन बोटं पुढे केली. पाटलांनी कडुनिंबाकडे पाहत एक बोट मुडपलं. मास्तरांनी ते पुन्हा सरळ केलं. पाटलांनी पुन्हा मुडपलं. मास्तरांनी बोट ताठ केलं, पाटलांनी ते दाबून धरलं, आणि वरून चेहरा असा की जणू आभाळ पाहतायत.

"पाटील!" मास्तर ओरडले. "भाव करून राह्यले का? मार्क हायेत हे!"

"आँ? हाव हाव," पाटील ओशाळले. "सवय हो मास्तर. पैल्या बोलीवर मी आजवर कोनाचं आयकलं नाई."

ओसरीवर हशा पिकला. पुढं मग घंटेला एक, बिजलीला दोन, सुरळीत झालं. पाटलांनी उपरणं खांद्यावर टाकलं, डोळे मिटून मनातल्या मनात बेरीज केली, आणि डोळे उघडले ते चमत्कार पाहिल्यासारखे.

"सुनंदा पाच. घंटा सहा. बिजली सात. बिजली पैली!"

तरण्या पोरांनी पागोटी उडवली. इंद्रभान बुवा ताडकन उठले, मास्तरही उठले, आणि दोघं मिळून दौलतसिंगांवर तुटून पडले.

"नाईक, हे तुमचं काम! घोड्यापायी तुमी गावाचा घात केला!"

दौलतसिंग शांतपणे म्हणाले, "मी एकटा सात कसा देईन जी? माह्या हाताले पाचच बोटं हायेत."

मास्तरांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी मास्तरांकडे पाहिलं. दोघांनीही आपापले उजवे हात हळूच मागे घेतले. बुवांना सुनंदा पाडायची होती, मास्तरांना घंटा. आणि दोघांनीही उकिरड्यावर टाकलेली दोन दोन बोटं बिजलीनं झेलली होती. पण बोलणार कोण? उपरण्याखालचं उपरण्याखाली!

"मंग ठरलं," पाटील म्हणाले. "बिजली मारामारी शिकवते. कापसाच्या खोलीत उद्यापासून आखाडा!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. शालिग्रामशेठ मात्र हर्षानं वेडा झाला होता. बिजलीला याआधी शिट्ट्यांशिवाय काही मिळालेलं नव्हतं. तो मास्तरांपाशी आला. "मास्तर, पदकासंगं एक मानपत्र पाह्यजे. हे चित्र पैलं काहून आलं, ते कारनासकट ल्याहा. उद्या सकाळी सभेत वाचा, मंग मी तंबू घेऊन शिरपूरले जातो. तिथं दारावर चिटकवीन!"

म्हणजे ज्यानं चित्र पाहिलंच नाही, त्यानंच ते थोर का हे लिहायचं. मास्तर घरी येऊन कोऱ्या कागदासमोर बसले. 'सदर चित्रात एक घोडा असून' एवढं लिहिलं आणि टाक थांबला. शेवटी त्यांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. शेंगांसकट.

"म्हंजे तुमी पाह्यलंच नाई?" कस्तुराबाईंचा अबोला हसण्यातच फुटला. "अन् मार्क देल्ले?"

"दोनच देल्ले."

"दोनच! बरं, ल्याहा मी सांगते. डाकूनं आपल्या मानसाले धाडलेली चिठ्ठी गावच्या पाटलाच्या हाती लागते. पाटलाले वाचता येत नाई. तो आपल्या कारभाऱ्याले वाचाले लावते. अन् तो कारभारी डाकूचाच मानूस! तो वाचते का, यात्रेचं आवतन हाय, सारं गाव चला. मंग थे बिजली, घोडा झाडाले बांधते, तो कागद हिसकते अन् खरं काय ते वाचून दाखवते. का सारं गाव यात्रेले धाड, मंग आमी खाली गावावर दरोडा घालनार हाव. तिले वाचता येत होतं म्हनून गाव वाचलं. नाईतं घोडा काय कराचा?"

मास्तरांचा टाक हातातच राहिला. "पुन्हा सांग."

"काल रस्त्यातच सांगून राह्यली होती."

"कस्तुरा, माहं चुकलं. पुन्हा सांग!" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या अंगणात सगळं गाव जमलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. मास्तरांनी खणखणीत आवाजात मानपत्र वाचलं. घोड्याची स्तुती झाली, धैर्याची झाली, आणि मग, "ज्या गावाच्या पाटलास अक्षरओळख नव्हती, त्या गावाचे प्राण एका मुलीस वाचता येत होते म्हणून वाचले..."

"थांबा मास्तर," पाटील म्हणाले. "हे कधी झालं? म्या पाह्यलं नाई."

"झालंच नाई!" इंद्रभान बुवा ओरडले. "मास्तर खोलीसाठी पदरचं घालून राह्यले!"

पुरुषांकडून सगळे म्हणू लागले, चिठ्ठी कसली, आम्ही नाही पाहिली. पाहिलं म्हणून शपथ घ्यावी, तर मास्तरांनीही पाहिलं नव्हतं! इतक्यात बायांकडून पाटलीणबाई, मनकर्णाबाई, उभ्या राहिल्या. पदर नीट केला.

"झालं कसं नाई? आमी साऱ्या बायांनी पाह्यलं. तिनं घोडा बांधला अन् चिठ्ठी वाचली. तुमी त्या वक्ताले घोड्याचे कान पाहून भांडून राह्यले होते!"

"हाव वो!" साठ-सत्तर बायांचा एकच आवाज उठला. दौलतसिंगांनी घसा साफ केला. "भांडत होतो हे खरं हाय. घोडा बांधेल होता, हे बी खरं."

पाटलांनी शालिग्रामशेठकडे पाहिलं. शेठनं मान डोलावली. "चिठ्ठी हाय पाटील. साऱ्या चित्राची गोम तेच हाय."

मग पाटील हळूच म्हणाले, "त्या चित्रातल्या पाटलासारखं माह्याकडे बी कागद आला का कोनी तरी दुसराच वाचते." आणि एकदम मांडीवर थाप मारून उठले. "मनकर्णा, कापसाच्या खोलीची किल्ली आन! बिजली जे शिकवन ते करून दाखवीन म्हनलं होतं. आंधी वाचन. आखाड्याचं पाहू मंग!"

सगळ्यांच्या आधी दौलतसिंगांनी हेमलाला खांद्यावर उचलून घेतलं. तीन बापांनी माना खाली घालून आपापल्या पोरी पुढे केल्या. बैलजोडीचं पदक शालिग्रामशेठच्या कोटावर लागलं, आणि तंबू शिरपूरच्या रस्त्याला लागला.

एक तारखेला डिप्टीसाहेब आले. कापसाच्या खोलीत सात नव्हे, एकोणीस पोरी पाट्या घेऊन बसल्या होत्या. कस्तुराबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. साहेब फार खूश झाले. त्यांनी हेमलाला उभं केलं.

"बाळ, तू शिकून काय करणार?"

"डाकू पकडनार," हेमला म्हणाली.

"आँ?"

"पैले चिठ्ठी वाचीन. मंग त्याइले टाकीत फेकीन."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बाकीच्या अठरा पोरींकडे पाहिलं. त्या सगळ्या पकडायला तयार दिसत होत्या. मग ते सावकाश मास्तरांकडे वळले. "गुरुजी, खेड्यात स्त्रीशिक्षणाची एवढी आवड! ही प्रेरणा आली तरी कुठून?"

जगदेव मास्तरांनी टोपी नीट केली, कस्तुराबाईंच्या नजरेला नजर देणं टाळलं, आणि अदबीनं म्हणाले,

"गावात एक सामाजिक चित्र येऊन गेलं, साहेब."